उन्हात शिजलेले हुलगे

जत तालुक्यातल्या एका लहान गावी शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा सांगलीतल्या आमच्या शेजारणी माझ्या आईचं सांत्वन करायला आल्या होत्या. तिकडे प्यायचं पाणी टँकरने येतं म्हणे, निम्मी माणसं कानडी बोलतात म्हणे. दोन्ही खरं होतं. तिसरी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, ती मला तिथे गेल्यावर कळली. बहात्तरचा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती, पण तेव्हा तुटलेली झाडं काही परत उभी राहिली नव्हती. पाणी निदान टँकरने यायचं, जळण कुठल्याच गाडीने येत नव्हतं. ते डोक्यावरून यायचं, आणि ती डोकी बायकांची आणि पोरींची असायची.

ऊन मात्र वाटेल तेवढं. सकाळी नऊला शाळेचा पत्रा कडकड वाजायला लागायचा आणि दुपारी रांजणातलं पाणी चहाला ठेवल्यासारखं कोमट व्हायचं. मी या उन्हावर मनापासून चिडायचे. तशी मी कशावरही चिडायचे. आई म्हणायची, "हिला जतला कशाला पाठवली, जतचं अर्धं ऊन हिच्या नाकावरच होतं."

सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची माझी रोज एक तरी चकमक व्हायची. मी सांगितलेलं इतर पोरं लिहून घ्यायची, ही हात वर करायची. सूर्य इतका लांब आहे, तर मधली जागा का तापत नाही? डोंगरावर सूर्याच्या जवळ जातो, मग तिथे गार का? मी एकदा वैतागून म्हटलं, "सगळं आजच शिकून घेणार आहेस का?" तर म्हणाली, "उद्या यायला जमंल का न्हाई ठावं न्हाई, बाई."

मला वाटलं, उद्धटपणा करतेय. तो उद्धटपणा नव्हता. दिवाळीनंतर ती आठवड्यातले दोन दिवस गैरहजर राहू लागली, मग तीन, मग चार. सातवीची परीक्षा त्या वेळी मोठी मानली जायची. ती पास झाली तर पुढचं हायस्कूल, नाहीतर शिक्षण संपलं. माघात मी तिच्या घरी गेले.

घर शाळेमागेच होतं. वडील मेंढरं घेऊन दिवाळीलाच खाली कृष्णाकाठाकडे गेले होते, ते पावसाच्या तोंडावर परतणार. आई रोजगार हमीच्या बंडावर, म्हणजे बांध घालायच्या कामावर, माती वाहायला जायची, तीन वर्षांच्या धाकट्याला कडेवर घेऊन. मग जळणाला जाणार कोण? मुलगी. डोंगराच्या पलीकडे वेड्या बाभळी शिल्लक होत्या, तिथून एक मोळी आणायची म्हणजे दिवस जायचा.

तिची आई बुटकी, काटक बाई होती. मी शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. ते भाषण मला पाठच होतं. तिने धाकट्याचं नाक पुसत ते पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या साळंनं हुलगं शिजत्यात का?"

हुलगे म्हणजे त्या भागातलं गरिबाचं कडधान्य. रात्रभर भिजवले तरी शिजायला दोन-दोन तास चूल खातात. भाकरीला थोडं जळण पुरतं, तेवढं ती कामावरून येताना वेचून आणू शकली असती. हुलगे आणि जोंधळ्याच्या कण्या, मोळी संपायची ती यांच्यापायी.

प्रश्न रास्त होता. पण तिने तो असा काही विचारला की माझा पारा चढला. मी म्हणाले, "शिजवून दाखवते!"

हे मी निव्वळ रागाने बोलले नव्हते. आदल्या उन्हाळ्यात सांगलीला शिक्षकांच्या शिबिरात एका प्राध्यापकांनी आम्हांला उन्हावर चालणारी पेटी दाखवली होती. ते म्हणाले होते, सांगलीकरांना सौरऊर्जा मी काय शिकवणार, तुमचा सगळा बाजार उन्हावर उभा आहे. मला ते तेव्हाच पटलं होतं. माझे वडील हळदीचे व्यापारी. शिजवलेली हळद अंगणभर पसरून पंधरा दिवस वाळवायची, हे मी पाळण्यापासून पाहत आले. आमच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या, सगळं उन्हाच्याच भरवशावर. पण ते मोकळं ऊन. येतं तसं निघून जातं, वाळवतं पण शिजवत नाही. प्राध्यापकांची पेटी उन्हाला आत घेऊन कोंडायची, एवढाच काय तो फरक.

मी चार दिवसांची रजा काढून सांगलीला गेले आणि आमच्या ओळखीच्या सुताराला कामाला लावलं. लाकडाची पेटी, तिच्या आत पत्र्याची दुसरी, दोन्हींच्या मधल्या जागेत भाताचं तूस ठासून भरलेलं, म्हणजे आतली ऊब बाहेर पळू नये. आतला पत्रा काळ्या रंगाने रंगवला. वर एकावर एक दोन काचा, मध्ये बोटभर अंतर ठेवून. आणि झाकणाला आतून आरसा, तो तिरका उभा केला की इकडेतिकडे वाया जाणारं ऊनही काचेवर पडतं. सोबत झाकणाचे तीन जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, डबे, बाहेरून काळे रंगवलेले. वडील येता-जाता म्हणायचे, "शिकवायला पाठवली होती, सुतारकी शिकून आली." पण निघताना पेटी एसटीच्या टपावर त्यांनीच दोरीने आवळून बांधली. कंडक्टरने विचारलं, "भजनाची पेटी का, बाई?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगितलं असतं तर जत येईपर्यंत प्रश्न संपले नसते.

शाळेच्या पटांगणात मी पहिला प्रयोग केला. सातवीच्या वर्गाला सगळं समजावून सांगितलं. उजेड काचेतून आत शिरतो, काळ्या पत्र्यावर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून उजेडासारखी सहज बाहेर येऊ शकत नाही. आत आलेलं ऊन आतच राहतं. नवाला हुलगे ठेवले, तासातासाने पेटी सूर्याकडे फिरवली, मध्ये एकदाही काच उघडू दिली नाही. दोन वाजता डबा उघडला तर चिमटीत हुलगा मेण होत होता. पोरांनी अर्धे हुलगे तिथेच फस्त केले. माझी भांडखोर मुलगी पेटीभोवती तीनदा फिरली आणि म्हणाली, "आग कुटंच न्हाई की."

तिच्या आईला ही बातमी सांगितली, तर ती म्हणाली, "साळंत शिजलं, आता माज्या दारात शिजू द्या."

मग आमचं ठरलं. पेटी पंधरा दिवस तिच्या दारात राहील. जोवर हुलगे शिजतील तोवर मुलगी शाळेत. ज्या दिवशी शिजणार नाहीत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मुलगी जळणाला, आणि मग बाईंनी परत उंबऱ्यात यायचं नाही. शेवटची अट तिने हसत घातली, पण घातली.

बाजारच्या आदल्या संध्याकाळी मी पेटी आणि डबे तिच्या दारात ठेवले. पेटी कुठे ठेवायची, कशी फिरवायची, पाणी कमी घालायचं कारण आत वाफ उडून जात नाही, हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बंडाला सुट्टी होती, ती घरीच असणार होती. मला जतला मीटिंगला जावं लागलं. दिवसभर स्वच्छ कडक ऊन होतं, मी मीटिंगमध्ये खिडकीतून त्या उन्हाकडे खूश होऊन पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळच्या गाडीने उतरून थेट तिच्या घरी गेले. दारात चूल पेटली होती, शेजारणीकडून मागून आणलेल्या जळणावर. हुलगे त्यावर रटरटत होते आणि धाकटा भुकेने रडत होता.

"न्हाई शिजलं," ती म्हणाली. "नुस्तं कोमट झालं."

मी पेटी पाहिली. काचा नीट, आरसा नीट. मग माझी नजर कट्ट्यावर पालथ्या घातलेल्या दुसऱ्या डब्यांवर गेली. ते चकचकीत होते. माझे काळे डबे चांदीसारखे पांढरे! तिने राख आणि काथ्या घेऊन रंग खरवडून काढला होता, पार शेवटच्या ठिपक्यापर्यंत. एवढ्यावर थांबली नव्हती. तिकडच्या बायका भांडं चुलीवर ठेवण्याआधी त्याला बाहेरून ओल्या राखेचा लेप देतात, म्हणजे काजळी भांड्याला न धरता राखेला धरते आणि घासायला सोपं जातं. हुलग्यांच्या डब्यालाही तिने तो लेप दिला होता, झाकणासकट. करडा-पांढरा, गुळगुळीत, हाताची बोटं उठलेला सुंदर लेप. ऊन त्यावरून परत जाणार नाही तर काय करणार?

मी भान सोडलं. शेजारच्या चार बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर मी तिला म्हणाले, "कुणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला? अक्कल गहाण टाकलीय का?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तरीणबाईच्या घरची भांडी. काळीकुट्ट. उंबऱ्यात ठिवली तर बाया काय म्हंतील? हिच्या घरात राख बी न्हाई का. घासाया आर्धा तांब्या पानी लागलं, प्यायाच्यातलं. घेतलं."

मी घरी आले. जेवले नाही. वर्गातल्या चाळीस पोरांना मी काळ्या रंगाचं कारण फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. जिच्या हातात डबे दिले तिला सांगितलं नव्हतं. तिला काय कळणार, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते, दुसरं कारण नव्हतं. तिने मात्र माझ्या भांड्यांची अब्रू राखायला प्यायचं पाणी खर्च केलं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

सकाळी उठून मी माफी मागायला गेले. हरलेच होते, पण निदान तेवढं करायचं होतं. ती दारात बसून तव्याच्या मागची काजळी सुरीने खरवडत होती. पुढ्यातल्या करवंटीत काजळीचा ढीग, शेजारी करडईच्या तेलाची वाटी.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलं तर. लय वराडलासा." तिने करवंटीत तेल ओतलं. "पोरीनं सांजच्यापास्नं डोस्कं खाल्लं माजं. म्हनली, अव्वा, बाचं काळं घोंगडं पांघरून उन्हात बस, मग सांग. आवं बाई, ते मला सांगाया पायजे व्हय? मेंढरामागं आर्धा जल्म गेला माजा. काळं घोंगडं बिसलात किती तापतंय, ते तुमास्नी म्या सांगीन." कानडीत अव्वा म्हणजे आई आणि बिसलू म्हणजे ऊन. "तुमी परवाच बोलला आस्तासा तर काळंच ठिवलं नसतं का?"

मग तिने बोटाने तो काळा लेप डब्याला चोपडायला सुरुवात केली. राखेचा द्यायची तसाच, तितक्याच निगुतीने, झाकणासकट. करडईचं तेल उन्हात वाळून घट्ट बसतं, ते तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. सुताराकडच्या रंगापेक्षा तो लेप जास्त टिकला. काजळीला तिच्या घरात तोटा नव्हता.

"कालचा दिस धरायचा न्हाई," ती म्हणाली. "आजपास्नं मोजा."

त्या दिवशी हुलगे शिजले. दुसऱ्या दिवशी शिजले. तिसऱ्या दिवशी कण्या. मुलगी रोज शाळेत आली. मधल्या सुट्टीत धावत घरी जायची, पेटी फिरवायची, धापा टाकत परत यायची आणि आल्या आल्या हात वर करायची. मी तिला बोलू द्यायचे. शेजारच्या बायका आधी लांबून बघत होत्या, मग रताळी घेऊन आल्या, मग मटकी. एकीने सवयीने डबा घासायला उचलला, तर मुलीची आई अंगावर धावून गेली, "हात लावू नगंस! काळं निगंल!"

आज त्या भागातून जाताना घरांवर पाणी तापवायच्या काचा दिसतात, शेतात पंप चालवणारे निळे पत्रे दिसतात. मला बरं वाटतं. पण हे सगळं करणाऱ्या माणसांनी कुण्या बाईला कारण सांगितलं का, हा प्रश्न पहिल्यांदा डोक्यात येतो.

त्या पंधरा दिवसांतल्या अकराव्या दिवशी सकाळी दहालाच आभाळ भरून आलं. फाल्गुनात असं सहसा होत नाही. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं जाड राखाडी आभाळ. तेही दिवसभर. मी फळ्यावर व्यवहारी अपूर्णांक लिहीत होते आणि खिडकीतून वर बघत होते. मुलगीही बघत होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे मात्र पाहायचं टाळलं. मधल्या सुट्टीत ती घरी गेली नाही. फिरवायचं कशाकडे? शाळा सुटताना तिने हात वर केला नाही, काही विचारलं नाही, पाटी-दप्तर उचलून निघून गेली.

त्या संध्याकाळी मी तिच्या घराकडे गेले नाही. ठरलं ते ठरलं, असं स्वतःला बजावलं. खरं म्हणजे तोंड दाखवायची हिंमत नव्हती. पेटी ढगात चालत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ते मी तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा तीच चूक.

सकाळी घंटा झाली. प्रार्थना झाली. तिची जागा रिकामी होती. मी हजेरी घेतली, तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि गणित सुरू केलं. दोन वेळा उत्तर चुकवलं. पोरं एकमेकांकडे बघून हसली, तरी मी रागावले नाही.

तासाभराने दारात सावली पडली. तिची आई उभी होती. डोक्यावर मोळी, हातात कोयता, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. मागे मुलगी, कडेवर धाकट्याला घेऊन.

"उशीर झाला, बाई," आई म्हणाली. "रात आसतानाच जळणाला मी गेलतो. बारकं एकलं कसं ऱ्हाईल, म्हून ही घरात बसली. आता आलो, घ्या हिला आत."

 मी म्हणाले, "काल हुलगे शिजले नाहीत ना?"

"कुटनं शिजतील? काच नुस्ती गार."

"मग आपलं ठरलं होतं..."

"ठरलं हुतं की." तिने मोळी एका हाताने सावरली. "ऊन काय आज न्हाई तर उद्या पडंल, बाई. हिची परीक्षा उद्या परत येनार हाय का?"

तिने मुलीच्या कडेवरचा धाकटा आपल्याकडे घेतला आणि डोक्यावरची मोळी तशीच ठेवून पटांगणातून चालू लागली. मुलगी आत येऊन तिच्या जागेवर बसली. मी हजेरीपट उघडला, गैरहजर खोडून हजर लिहिलं. बंडावरची हजेरी सकाळी सातलाच होते आणि उशिरा येणाऱ्याला कामावर घेत नाहीत, त्या दिवशी तिचा खाडा पडला होता, हे मला दुपारी एका बाईकडून कळलं.